आधी तेलाचं तापमान, मग ग्रेड

ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सलग ३१ दिवस, कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होतं. म्हणजे सेल्सियसमध्ये ४३च्या पुढे. अशा गावात सुपरचार्जर बसवलेली मस्टँग जीटी चालवायची म्हटलं की जो भेटेल तो सांगतो, ‘जाड ऑइल टाक.’ मी मूळचा चंद्रपूरचा, त्यामुळे हा सल्ला मला नवा नव्हता. आमच्याकडच्या गॅरेजांत २०डब्ल्यू-४०चा डबा कायम असायचा आणि ऊन कडक तर तेल जाड, हा हिशेब सगळ्यांना मान्य होता. सुपरचार्जरच्या इंजिनाला मात्र तो पुरत नाही.

गाडीवर सुपरचार्जर चढवला तो इथल्याच एका वर्कशॉपने. ऑइलबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, ऑइल भरायच्या झाकणावर जे लिहिलंय तेच चालू ठेवा. झाकणावर ५डब्ल्यू-२० होतं. फोर्डने हे इंजिन ज्या ताकदीसाठी बनवलं त्या ताकदीला ते तेल पुरेसं आहे, आणि इतकं पातळ तेल निवडण्यामागे इंधन वाचवण्याच्या अमेरिकी नियमांचाही हात आहे. पण सुपरचार्जर बसला की इंजिन ते राहत नाही. सिलिंडरमधला दाब वाढतो, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांवर जास्त भार येतो, पिस्टन जास्त तापतात आणि त्यांची बरीचशी उष्णता तेलच उचलतं. शिवाय सुपरचार्जर फिरतो क्रँकशाफ्टवरच्या पट्ट्याने, तेव्हा पुढच्या मेन बेअरिंगवर तो ताण वेगळाच.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाणारा आय-१७ हा रस्ता साधारण ३४० मीटरवरून २,१०० मीटरवर चढतो. ब्लॅक कॅन्यन सिटी ओलांडली की सनसेट पॉइंटपर्यंतची चढण दमवणारी आहे. जुलैच्या एका दुपारी ती चढताना पाण्याचा काटा नेहमीसारखा मधोमध उभा होता. मी वेगळे बसवून घेतलेले दोन गेज मात्र दुसरंच सांगत होते: तेलाचं तापमान १३० सेल्सियसच्या वर, आणि सनसेट पॉइंटला गाडी नुसती उभी असताना तेलाचा दाब पूर्वी कधी पाहिला नव्हता इतका खाली. पाण्याच्या काट्यावर विसंबू नका, असं मी कळकळीने सांगतो ते यामुळे. बहुतेक गाड्यांत तो काटा मोठ्या टप्प्यात जागचा हलू नये असाच जुळवलेला असतो. तेल तापतंय हे त्याला कळत नाही.

घरी आल्यावर तेलाचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला. २० ग्रेडचं तेल १०० अंशांना किमान ६.९ सेंटिस्टोक असायला हवं, माझं त्याहून पातळ झालेलं होतं. तेलात पेट्रोलही उतरलं होतं. वर्कशॉपने केलेल्या ट्यूनिंगमध्ये बूस्टखाली गरजेपेक्षा जास्त इंधन जात होतं. जळायचं राहिलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं आणि तेल पातळ करतं. अशा वेळी नुसतं जाड तेल ओतलं असतं तर गेज काही दिवस बरा दिसला असता आणि दुखणं तसंच राहिलं असतं. म्हणून आधी ट्यूनिंग दुरुस्त करून घेतलं, मग ऑइल कूलर बसवला, आणि ग्रेडचा विचार त्यानंतर केला. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

आता ग्रेडकडे वळू. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा, नंतरचा तापलेल्या तेलाच्या दाटपणाचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला. फिनिक्सच्या उन्हाळ्यात त्या आकड्याने काही अडत नाही. उलट दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकी तेलात दाटपणा टिकवणारी पॉलिमरं साधारणपणे जास्त, आणि ती भाराखाली तुटत जातात. स्वस्त ५डब्ल्यू-५० काही हजार मैलांत ४० ग्रेडपर्यंत घसरू शकतं. त्यामुळे थंडीत बर्फाळ भागात जाणं होत नसेल तर १०डब्ल्यूचं चांगलं सिंथेटिक नाकारायचं कारण नाही.

डब्यावर मोठ्या अक्षरांत नसतो, पण मी सर्वांत आधी शोधतो तो आकडा म्हणजे एचटीएचएस. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये पडतो तशा जोराच्या घासणीत तेल किती दाट राहतं, ते तो सांगतो. २० ग्रेडला किमान २.६ लागतो, ३० ग्रेडला २.९. पण युरोपच्या एसीईए ए३/बी४ किंवा सी३ मानकात बसणारं ३० ग्रेडचं तेल किमान ३.५ असतं. दोन्ही डब्यांवर ‘५डब्ल्यू-३०’ असंच छापलेलं असेल, तरी बेअरिंगच्या दृष्टीने ही दोन वेगळी तेलं आहेत. मी उन्हाळ्यात रोजच्या वापराला ३.५चं ५डब्ल्यू-३० वापरतो, आणि माझ्या मते सुपरचार्जरच्या बहुतेक गाड्यांना शहरात आणि महामार्गावर तेवढं पुरतं. उन्हाळ्यात गाडी ट्रॅकवर नेणार असाल तर गोष्ट निराळी. याच घराण्यातल्या पाच लिटर इंजिनाच्या बॉस ३०२साठी फोर्डने २०१२मध्ये ५डब्ल्यू-५० सांगितलं होतं, आणि ती गाडी ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली होती.

५० ग्रेड सरसकट का नको? कारण भर उन्हाळ्यातही सकाळी गाडी सुरू करताना तेल ४० अंशांच्या आसपास असतं आणि तेव्हा ते १०० अंशांच्या मानाने कितीतरी पट घट्ट असतं. गेजवर दाब मस्त दिसतो, पण पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरंचसं तेल परत मागे फिरतं. बेअरिंगला हवा असतो प्रवाह. शिवाय या इंजिनातली व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणाही तेलाच्या बारीक वाटांवर अवलंबून असते. जाड तेल ढवळण्यातही उष्णता तयार होते. साधारण हिशेब असा, की ४० ग्रेडचं तेल १२० अंशांना जितकं दाट असतं, तितकं ३० ग्रेडचं १०५च्या आसपास असतं. म्हणजे कूलरने तेल १५ अंशांनी थंड ठेवलं तर एक ग्रेड कमावल्यासारखंच आहे, आणि मला तो मार्ग केव्हाही जास्त पटतो. तेल लवकर सडत नाही, हा त्यातला आणखी फायदा.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तापलेल्या तेलाची वाफ होते आणि ती क्रँककेसच्या नळीतून इनटेकमध्ये शिरते. सुपरचार्जर असला की ती इंटरकूलरच्या पात्यांवर चिकटते, त्याची थंड करायची ताकद घटते, आणि सिलिंडरमध्ये गेलेली वाफ नॉकिंगला वाट करून देते. त्यामुळे तेलाच्या माहितीपत्रकात ‘नोआक’ हा आकडा बघा, तापल्यावर किती तेल उडून जातं ते तो सांगतो. एपीआय एसपी या मानकाची मर्यादा १५ टक्के आहे. ए३/बी४ची १३. दहाच्या खाली मिळालं तर उत्तमच. सोबत ही वाफ वाटेतच अडवणारा कॅच कॅनही लावून घ्या.

निव्वळ रेसिंगचं तेल रोजच्या गाडीत महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यात सफाईची द्रव्यं बेताची असतात. सुपरचार्जरच्या आतलं तेलही तपासून घ्या. काही जातींत गिअरचं तेल वेगळं, बंदिस्त असतं, तर काही सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर इंजिनाचंच तेल घेतात. तसं असेल तर ग्रेड बदलण्याआधी किट बनवणाऱ्याचं पत्रक वाचणं भागच आहे.

नवं तेल टाकलंत की पहिला नमुना लवकर, नेमून दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच काढा. इंजिन तापलेलं असताना, तेल सोडताना धार मध्यावर आली की बाटली धरा. सुरुवातीच्या धारेत तळाचा गाळ येतो. अहवालात १०० अंशांची व्हिस्कॉसिटी, पेट्रोलचं प्रमाण, शिसं आणि तांबं या चार ओळी आधी वाचा. शिसं आणि तांबं वाढत असेल तर बेअरिंग झिजतंय आणि इंजिन उघडावं लागेल. पेट्रोल वाढत असेल तर ट्यूनिंग करणाऱ्याकडे जा. दोन्ही स्थिर राहून फक्त व्हिस्कॉसिटी उतरली असेल, तर मात्र डबा बदला.