डार्विनहून क्रूझला निघण्याआधी

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कधी मेलबर्नची मैत्रीण, कधी पुण्याचे नातेवाईक. "तुमच्या डार्विनहून ती क्रूझ जाते ना, आईबाबांना घेऊन जावं म्हणतोय, कोणती घेऊ?" पूर्वी उत्तर सोपं होतं. डार्विन ते ब्रूम, म्हणजे किंबर्लीचा किनारा, हीच इथली मोठी सफर. आता त्याच धक्क्यावरून निघणाऱ्या जहाजांच्या माहितीपत्रकांत तिवी बेटं, आर्नहेम लँड, थर्सडे आयलंड, पूर्व तिमोरची राजधानी दिली, इंडोनेशियातली बांदा बेटं, राजा अंपात अशी नावं दिसतात. इथून सिडनी तीन हजार किलोमीटरहून लांब आणि दिली सातशेच्या आसपास, त्यामुळे सफरी उत्तरेकडे वाढणारच. त्या वाढाव्यात असं मलाही वाटतं. मार्च 2020 ते एप्रिल 2022 ऑस्ट्रेलियात क्रूझ बंद होत्या, तेव्हा फोर्ट हिलचा धक्का कसा ओस पडला होता ते मी पाहिलं आहे. या छोट्या शहरात कितीतरी घरं पर्यटकांवर चालतात.

तरीही फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते. नावं मोजू नका, रात्री मोजा. आणि त्या रात्रींमध्ये जहाज किनाऱ्यापासून, दवाखान्यापासून किती लांब असेल ते विचारा. माझे काका-काकू देवगडहून आले होते, त्या वेळच्या अनुभवावरून हे बोलते आहे.

त्यांच्यासाठी घेतलेली सफर नव्या पद्धतीची होती. ब्रूमला न संपता किंबर्लीचा किनारा अर्धा करायचा, तिथून वर दिलीला जायचं आणि डार्विनला परत. रात्री जुन्या सफरीइतक्याच, वर एक देश जास्तीचा. बुकिंग करून देणाऱ्याने त्यावरच भर दिला होता. मोकळा समुद्र ओलांडून दिलीला जायचं आणि तिथून परत यायचं, यात जाणारा वेळ किंबर्लीच्याच वाट्यातून कापला गेला होता. ते कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं.

किंबर्लीच्या किनाऱ्यावर जहाज घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. मुंबईला उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं. डार्विनला आठच्या जवळ जातं आणि किंबर्लीत काही ठिकाणी अकराच्याही वर. इथली निम्मी नवलाई या पाण्याच्या चढउताराची आहे. टॅलबट बेमध्ये डोंगराच्या दोन अरुंद फटींतून पाणी इतक्या जोरात धावतं की आडवा धबधबा वाटावा. माँटगमरी रीफ तर सुमारे चारशे चौरस किलोमीटरची. ओहोटी लागली की ती समुद्रातून वर येते आणि तिच्या कडांवरून चहूबाजूंनी पाणी ओघळतं. त्या वेळी रबरी बोटीतून अगदी कडेपर्यंत नेतात. उघड्या पडलेल्या प्रवाळावर बगळे उतरतात, ओहोळांत कासवं दिसतात.

आम्ही पोचलो तेव्हा रीफ जेमतेम डोकं वर काढून होती. लोक कॅमेरे सरसावून बसले होते. काका बोटीच्या काठावर हात ठेवून पाण्याकडे पाहत म्हणाले, "अगं, काल अष्टमी झाली. भांगाचं पाणी हे. आज कुठून उघडं पडायचं?" भांगात ओहोटीचं पाणी फारसं उतरत नाही. देवगडच्या माणसाला जे तिथीवरून कळलं, ते सफर आखणाऱ्यालाही माहीत असणारच. पण परतीची तारीख आणि दिलीचा मुक्काम ठरलेला असला की जहाजाला पौर्णिमेसाठी थांबता येत नाही. म्हणून ज्याला रीफ पाहायची आहे त्याने बुकिंगआधी कालनिर्णय उघडावं. जहाज माँटगमरीला पोचण्याची तारीख अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांची असेल तर उत्तम. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची असेल तर पुढचं जहाज बघा. टॅलबट बेच्या फटींबद्दलही नीट विचारा. तो भाग डंबिमंगारी लोकांचा, त्यांच्यासाठी पवित्र. फटींतून पर्यटकांच्या बोटी नेणं त्यांना मान्य नाही, आणि 2028 पर्यंत ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झालेला आहे. मला तो योग्य वाटतो. बाहेरून पाहिलं तरी पाणी तेच असतं.

त्याच रात्री काकांना दम लागला. त्यांची बायपास पूर्वी झालेली. दिवसभर ऊन होतं, जेवणात मीठ जास्त गेलं होतं, पाय संध्याकाळीच सुजलेले. जहाजावर डॉक्टर होते, चांगले होते. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि मग त्यांनी औषधं मागितली. काकूंनी डबा पुढे केला. त्यात आठवड्याच्या वारांचे कप्पे, आणि पाकिटं कात्रीने कापून एकेक गोळी त्यात घातलेली. औषधाचं नाव ज्या तुकड्यावर होतं तो देवगडलाच राहिलेला. उरलेल्या तुकड्यांवर भारतातल्या कंपनीचं नाव, तेही अर्धं. डॉक्टर एकेक तुकडा दिव्याखाली धरून वाचत होते. शेवटी उपग्रहावरून देवगडच्या डॉक्टरांना फोन लागला, तेव्हा कुठे कळलं की रक्त पातळ होण्याचं औषध कोणतं चालू आहे. ज्येष्ठांना घेऊन निघणाऱ्यांनी एक कागद करा. त्यावर औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घेतात, आणि शेवटच्या ईसीजीची प्रत. लागलं तर घरून मोबाइलवर मागवून घेऊ, एवढ्यावर थांबू नका. त्या किनाऱ्यावर मोबाइलला रेंज नसते.

रात्री हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. कप्तानाने जहाज वळवलं आणि पहाटेपर्यंत किनाऱ्याकडे आणून ठेवलं. उजाडल्यावर हेलिकॉप्टरने एका धावपट्टीवर आणि तिथून फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाने ब्रूमच्या हॉस्पिटलात नेलं. फ्लाइंग डॉक्टर सेवा 1928 पासून ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात चालते. तिच्या माणसांनी काकांना ज्या मायेने हाताळलं ते मी विसरणार नाही. काका वाचले. पण डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की हाच त्रास आणखी एक-दीड दिवसाने झाला असता तर जहाज दिलीच्या वाटेवर, खुल्या समुद्रात असतं. किंबर्लीचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे आणि तिथे राहणारी माणसं चाळीस हजारांच्या आसपास. दवाखाने ब्रूम, डर्बी, कुनुनरा अशा गावांतच आहेत. किनाऱ्याने जाणाऱ्या सफरीत निदान हे अंतर कापता येतं.

काकांचा विमा त्यांच्या मुलाने भारतातून काढला होता. "सगळं कव्हर आहे" असं विकणाऱ्याने तोंडी सांगितलेलं. कागदावर मात्र समुद्रातल्या जहाजावरचे उपचार आणि तिथून बाहेर काढण्याचा खर्च वगळलेला निघाला. भारताचा ऑस्ट्रेलियाशी आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही, त्यामुळे पाहुण्यांना इथलं सरकारी मेडिकेअर मिळत नाही. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल तर इथल्या नागरिकांनाही सहसा स्वतःच भरावं लागतं. आईवडिलांसाठी आपण इथे जो व्हिजिटर हेल्थ कव्हर घेतो तो वेगळा आणि प्रवास विमा वेगळा. पहिल्यात जुन्या आजारासाठी सहसा बारा महिने थांबावं लागतं. दुसऱ्यात क्रूझ हा शब्द स्पष्ट लिहिलेला हवा, जुना आजार जाहीर करून मान्य झालेला हवा, आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलेला हवा. तिन्ही गोष्टी ईमेलवर लेखी मागा. लेखी देत नसतील तर ती पॉलिसी घेऊ नका.

पासपोर्टचंही सांगते. परदेशी बंदर यादीत असेल तर जहाजावर गेल्या गेल्या पासपोर्ट काउंटरवर जमा करून घेतात. काकांबरोबर मी हेलिकॉप्टरने गेले, काकू आणि माझा नवरा जहाजावरच राहिले. त्या धावपळीत काकांचा पासपोर्ट काढून घेण्याचं नवऱ्याला सुचलं म्हणून बरं, नाहीतर तो दिली फिरून आला असता. व्हिसाची चौकशी प्रत्येक देशासाठी वेगळी करा. सफर बालीसारख्या परदेशी बंदरात संपून विमानाने ऑस्ट्रेलियात परतायचं असेल तर सिंगल एंट्री व्हिसा चालणार नाही. आणि दिलीहून किंवा इंडोनेशियाहून परतताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. इंडोनेशियात 2022 मध्ये गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आढळल्यापासून इथली तपासणी फार कडक आहे. काकूंनी डिंकाचे लाडू फॉर्मवर लिहिले होते. ते काढून घेतले, पण दंड झाला नाही.

पोहण्याचा विषय मी एका वाक्यात संपवते. मगरी आहेत, विषारी जेलीफिश आहेत, पोहायला कुठेच उतरायचं नाही.

गुडघ्यांचा विचार मात्र जास्त करा. इथे बहुतेक ठिकाणी धक्का नाही. लाटेवर वरखाली होणाऱ्या रबरी बोटीत जहाजाच्या पायरीवरून पाऊल टाकायचं असतं. खलाशाचा हात हाताने धरायचा नाही, मनगटाने मनगट धरायचं, आणि तो म्हणेल तेव्हाच पाय उचलायचा. किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उतरावं लागतं. ज्यांना घरातला जिना आधाराशिवाय उतरता येत नाही, त्यांचे दिवस जहाजातच जातील. त्यांच्यासाठी एवढे पैसे खर्च करू नयेत. डार्विनलाच चार दिवस राहा, गुरुवारी किंवा रविवारी संध्याकाळी मिंडिल बीचच्या बाजारात जा, काकाडूला गाडीने फिरवून आणा.

ज्यांना झेपतं, त्यांनी पहिल्या खेपेला डार्विन ते ब्रूम एवढीच सफर घ्यावी आणि शक्यतो मे महिन्यात घ्यावी. पावसाळा नुकताच सरलेला असतो, चक्रीवादळांचे महिने संपलेले असतात आणि किंग जॉर्ज नदीचा सुमारे 80 मीटरचा जुळा धबधबा भरून वाहत असतो. ऑगस्टनंतर त्याची धार उरते. व्हेल पाहायचे असतील तर मात्र जुलैनंतरच या. दिली, बांदा, राजा अंपात ही फार सुंदर ठिकाणं आहेत. तिथे वेगळ्या सुट्टीत, पुरेशा रात्री हाताशी ठेवून जा. साठीच्या पुढच्या माणसाला घेऊन निघणार असाल तर विम्याचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.