किडनीच्या धाकाने गोळी सोडू नका

मधुमेहाची गोळी परस्पर बंद करून आलेल्या पेशंटला कारण विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: ‘रोज रोज गोळ्या खाऊन किडनी जाईल ना, डॉक्टर!’ किडनीची काळजी वाटते हे चांगलंच आहे. फक्त चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते आहे. मूत्रपिंडात रक्त गाळणारे बारीक केशवाहिन्यांचे लाखो गुंते असतात. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढे राहिले की या गाळण्या सैल पडतात आणि लघवीतून प्रथिनं वाहून जाऊ लागतात. यातलं काहीच दुखत नाही. म्हणून गोळी सोडल्यावर ‘मला तर काही होत नाही’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याचा निष्कर्ष चुकलेला असतो.

गोळ्यांनीच किडनी बिघडत असती, तर जास्त औषधं घेणाऱ्यांची ती आधी बिघडायला हवी होती. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात नेमकं हेच तपासता आलं. नव्याने मधुमेह निघालेल्यांपैकी काहींवर मुख्यतः आहाराचे उपचार झाले, तर काहींची साखर गोळ्या किंवा इन्शुलिन देऊन अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवली. १९९८ मध्ये निकाल आला तेव्हा औषधं जास्त घेणाऱ्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी होते. यातला मोठा वाटा डोळ्यांचा होता, हे मान्य. पण लघवीतून प्रथिनं जाण्याचं प्रमाणही याच गटात कमी होतं. ‘मग आमच्या काकांचं डायलिसिस का सुरू झालं? ते तर नेमाने गोळ्या घ्यायचे,’ असं कुणी म्हणेल. वीस वर्षं मधुमेह असलेला माणूस वीस वर्षं गोळ्याही घेत असतो. छत्र्या दिसतात त्या दिवशी पाऊस पडतो, म्हणून छत्रीने पाऊस आणला असं आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप याहून हुशारीचा आहे: किडनी कमजोर झाली की डॉक्टर स्वतःच मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी कमी किंवा बंद करतात, ते का? मेटफॉर्मिन लघवीवाटे बाहेर पडतं. गाळणीच मंदावली तर ते शरीरात साचतं आणि रक्तातलं आम्ल वाढण्याचा धोका उभा राहतो. म्हणजे मात्रा बदलते ती किडनी आधीच बिघडलेली असते म्हणून. उलट ज्यांची नावं ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतात ती मधुमेहाची नवी औषधं किडनीचा ऱ्हास लांबवण्यासाठीही दिली जातात. अर्थात तीही सगळ्यांसाठी नाहीत. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका. आणि गंमत पाहा, मधुमेहाच्या गोळीला घाबरणारी हीच मंडळी गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक बिनदिक्कत घेतात. किडनीला खरा धोका तिथे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘मधुमेह मुळासकट’ चूर्णांचंही तेच. काहींत शिसं-पारा सापडला आहे, तर काहींत चक्क मधुमेहाचीच ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली होती. साखर उतरली ती त्या गोळीमुळे. मात्रा मात्र कुणालाच ठाऊक नाही.

वजन बरंच घटवल्यावर, विशेषतः मधुमेहाच्या पहिल्या काही वर्षांत, काहींच्या गोळ्या खरोखरच सुटतात. ते जरूर करून बघा, पण तपासण्या करत आणि डॉक्टरला विचारून. किडनीची चिंता असेल तर तिच्यासाठी सोपी तपासणी आहे: वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर. ते दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. नुसतं रक्तातलं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण बरंचसं नुकसान होईपर्यंत ते वाढतच नाही. गळती लवकर सापडली तर साखर, रक्तदाब आणि योग्य औषधं यांच्या जोरावर ती थोपवता येते, पुष्कळदा कमीही होते. लघवीला न विरणारा फेस, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, अचानक वाढलेला रक्तदाब यांपैकी काही दिसलं तर वर्षाची वाट पाहू नका. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन करा. अशा वेळी काही गोळ्या दोन-चार दिवस थांबवाव्या लागतात. बाकी दिवशी गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी आपली फाइल काढून बघा: लघवीची ही तपासणी शेवटची कधी केली होती?