विमा कंपनीचे घड्याळ

घड्याळ वेळ सांगते, हे सर्वांना ठाऊक आहे. आता बाजारात निराळी घड्याळे आली आहेत. ती वेळ तर सांगतातच, वर घालणाऱ्या माणसाचीही नोंद ठेवतात. तो किती पावले चालला, त्याची नाडी किती पडली, रात्री किती वाजता झोपला, मध्ये किती वेळा उठला, हे सारे ती टिपतात. हजार-दोन हजारांत असे घड्याळ मिळते. आपल्या नांदूरघाटात पोरांच्या मनगटावर ती दिसू लागली आहेत. केज, बीड, अंबाजोगाईची तर गोष्टच सोडा.

आरोग्य विमा विकणाऱ्या काही कंपन्या हल्ली म्हणतात, "घड्याळ घाला. रोज चाला. त्याची नोंद आम्हांला पाठवा. आम्ही तुम्हांला हप्त्यात सूट देऊ." ऐकायला गोड वाटते. चालणे चांगलेच, आणि वर पैसेही वाचतात. मग यात विचार करण्यासारखे काय आहे? आहे, बरे का. तेच आज आपण पाहू.

आधी विमा म्हणजे काय ते समजून घेऊ. समजा, शंभर घरांनी वर्षाला हजार-हजार रुपये एका पेटीत टाकले. एक लाख जमले. वर्षात तिघेजण आजारी पडले. त्यांच्या दवाखान्याचा खर्च त्या पेटीतून झाला. बाकीच्या सत्त्याण्णव घरांना पैसे परत मिळाले नाहीत. पण त्यांची झोप शांत झाली. भिशीत आपला नंबर लागावा असे वाटते. विम्यात नंबर न लागलेलाच बरा! धडधाकट माणसाने आजाऱ्याचा भार थोडा उचलायचा, आणि उद्या आपल्यावर वेळ आली तर इतरांनी आपला उचलायचा, हे विम्याचे मूळ आहे.

आता कंपनीच्या बाजूने पाहा. पेटी तिच्या हाती आहे. आजारी माणसे कमी, तर खर्च कमी. म्हणून लोकांनी चालावे, वजन ताब्यात ठेवावे, असे तिला वाटते. यात खोटे काही नाही. पण धडधाकट माणसेच आपल्याकडे यावीत, असेही तिला वाटते. घड्याळ हे त्यांना ओळखण्याचे एक साधन आहे.

ही कल्पना दक्षिण आफ्रिकेतून आली. तिथल्या डिस्कव्हरी नावाच्या कंपनीने १९९७ साली व्यायामाबद्दल बक्षिसे देण्याची योजना काढली. तिचे नाव व्हायटॅलिटी. पुढे ती अनेक देशांत गेली. अमेरिकेत जॉन हॅनकॉक ही फार जुनी आयुर्विमा कंपनी आहे. तिने २०१८ साली आपल्या सगळ्या पॉलिसींना ही योजना जोडली. आपल्या देशात विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे. तिला विमा नियामक प्राधिकरण म्हणतात. तिने २०२० साली अशा बक्षिसांबद्दल नियम घालून दिले. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. आदित्य बिर्ला यांची आरोग्य विमा कंपनी २०१६ साली सुरू झाली. तिने दिवसाला १०,००० पावलांचा हिशेब ठेवला. तेवढी पावले झाली, किंवा व्यायामशाळेत अर्धा तास गेला, किंवा एका व्यायामात ३०० कॅलरी खर्च झाल्या, की तो दिवस जमेला धरला जातो. शिवाय तपासणी करून हृदयाची प्रकृती हिरवी, पिवळी की लाल, ते ठरवतात. या दोन्हींवरून हप्त्याचा काही भाग परत मिळतो. अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून पॉलिसीच्या कागदावर काय छापले आहे तेच खरे धरावे. जाहिरातीतले नव्हे.

हे १०,००० पावलांचे काय गौडबंगाल आहे, तेही सांगून टाकतो. मोठ्या वैद्यांनी बसून हा आकडा काढला असेल, असे वाटते ना? तसे नाही. १९६४ साली जपानात टोकियो येथे ऑलिंपिक खेळ झाले. लोकांना व्यायामाची गोडी लागली. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'दहा हजार पावलांचे मोजमाप' असा होता. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आकडाही बसला. पाच-सात हजार पावलांनीही प्रकृतीला फायदा होतो.

घड्याळ मोजते तरी कसे? त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा एक बारीक तुकडा असतो. हात पुढेमागे झुलला की तो पाऊल धरतो. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. नाडीचा ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येते, परत येणारा उजेड कमी होतो. त्यावरून ठोके मोजतात. युक्ती मोठी हुशारीची आहे. पण ती शहरातल्या हात झुलवत चालणाऱ्या माणसासाठी केलेली दिसते. आपली बाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन दोन्ही हातांनी ती धरून मैलभर चालते. तिचा हात झुलत नाही. घड्याळाला तिची बरीच पावले दिसतच नाहीत. औताचा रुमणा धरून दिवसभर चालणाऱ्याचेही तेच. उलट खडबडीत रस्त्यावर फटफटीचे हादरे बसले तर बसल्या जागी पावले वाढतात! मनगटावर दाट गोंदण असेल तर हिरवा उजेड अडतो आणि नाडीही नीट कळत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या बायांच्या हातावर किती गोंदण असते ते आपण जाणतोच. म्हणजे जी खरी कष्ट करते, तीच घड्याळाच्या हिशेबात आळशी ठरायची.

पुण्यात कारखान्यात कामाला असलेला आमच्या गल्लीतला एक तरुण दिवाळीला गावी आला होता. त्याने आम्हांला विचारले, "गुरुजी, विमावाले घड्याळ फुकट देतो म्हणतात. घ्यावं का?"

आम्ही काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "फुकट कोण देतंय रे बाळा? बाजारात कुणी फुकट कोथिंबीर देत न्हाई."

"अगं आई, त्यांना फक्त पावलं बघायची हायत."

आम्ही म्हणालो, "फक्त पावलंच बघायची हायत, हे कागदावर लिहून दिलंय का? ते आधी वाच. मग बोलू."

त्याने मोबाईलवरचा कागद उघडला. मजकूर इंग्रजीत होता आणि लांबलचक होता. त्यात पावलांबरोबर नाडी होती, झोप होती, वजन होते, आणि माणूस कुठे कुठे गेला तेही होते. ही माहिती कंपनीबरोबर काम करणाऱ्या इतरांना देता येईल, असेही एक वाक्य होते. हे इतर कोण, ते काही लिहिले नव्हते.

मग आम्ही त्याच्याबरोबर हिशेब केला. समजा, वर्षाचा हप्ता १५,००० रुपये आहे. शेकडा दहा सूट मिळाली तर १,५०० रुपये वाचले. म्हणजे महिन्याचे सव्वाशे. दिवसाचे चार रुपये. त्या चार रुपयांत कंपनीला रोजच्या चोवीस तासांची नोंद मिळते. आम्ही म्हणत नाही की हा सौदा वाईटच आहे. कुणाला तो परवडेल. पण किती रुपयांना काय विकतो आहोत, हे विकणाऱ्याला कळले पाहिजे.

नोंद हाती गेली म्हणून काय बिघडते? "आम्ही चोरी थोडीच केली? कुणी का बघेना," असे बरेच जण म्हणतात. त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे.

दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड कापतात. बाईला पाळीचा त्रास झाला, अंगावर गेले, पोट दुखले, तरी खाडा तो खाडाच. बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या बायांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींचे वय तेव्हा चाळिशीच्या आत होते. आजार खरा असणाऱ्या काही होत्या. पण पाळीच्या दिवसांचा खाडा नको, हेही एक कारण होते. त्यात घड्याळ नव्हते, यंत्र नव्हते. मजुरी देणारा शरीराचा हिशेब मागू लागला की काय होते, ते मात्र त्यात दिसले.

आता त्या बाईच्या मनगटावर घड्याळ आहे आणि त्याची नोंद मुकादमाच्या मोबाईलवर जाते, असे मनाशी धरून पाहा. हल्लीच्या काही घड्याळांबरोबर पाळीची तारीखही नोंदवता येते. दिवस गेले की बसल्या जागीही नाडी थोडी जलद पडते. घरात सासूला कळायच्या आधी ते घड्याळाला कळू शकते. उद्या असे होईलच असे आम्ही म्हणत नाही. पण मजुराच्या हाताला घड्याळ बांधण्याचा प्रकार आपल्या राज्यात झालेला आहे. नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे दिली. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, ते त्यावरून कचेरीत दिसे. हजेरी आणि पगार त्याच्याशी जोडला गेला. हे घड्याळ आपले बोलणेही ऐकते का, संडासातही पाहते का, अशी भीती कामगारांना वाटू लागली. विमा नव्हता, सूटही नव्हती. घड्याळ घालायचे की नाही, हे विचारायला कुणी आले नव्हते.

दुसरी गोष्ट चोरीची. कंपनी प्रामाणिक असली तरी तिच्या तिजोरीला भोक पडू शकते. चेन्नईची स्टार हेल्थ ही देशातली मोठी आरोग्य विमा कंपनी. २०२४ साली तिच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. पॉलिसीचे कागद, ओळखपत्रांच्या नकला, आजाराचे अहवाल टेलिग्रामवर कुणालाही मिळू लागले. तीन कोटींहून जास्त लोकांची माहिती आपल्याकडे आहे, असा चोराचा दावा होता. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली. पण गेलेली माहिती कोर्टाला परत आणता येत नाही. पैसे चोरीला गेले तर पुन्हा कमावता येतात. आपल्याला कोणता आजार आहे, हे एकदा चारचौघांत गेले की गेले.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला. खाजगी जीवन जपणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात सांगितले. त्यानंतर २०२३ साली संसदेने लोकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य कलमे लागू व्हायला नियमांत त्या दिवसापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्यातली तीन कलमे आपल्या कामाची आहेत. माहिती घेण्याआधी संमती मागितली पाहिजे, आणि तो मजकूर मराठीतही मिळाला पाहिजे. हा हक्क नवसाक्षर माणसाला सर्वांत मोलाचा. दिलेली संमती परत घेता येते, आणि ते संमती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. कंपनीजवळ आपली कोणती माहिती आहे, हे विचारता येते. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक भीती मात्र मनातून काढा. घड्याळ न घातल्याने विमा बंद होत नाही. सूट मिळत नाही, एवढेच. मागच्या वर्षी दवाखान्याचा खर्च मागितला म्हणून कंपनीला पुढच्या वर्षी पॉलिसी नाकारता येत नाही. आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेला तर ना हप्ता आहे, ना घड्याळ. वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. विमा विकायला येणारा हे आपण होऊन सांगत नाही. आपण विचारावे.

आणखी एक. सूट मिळावी म्हणून कुणी घड्याळ पोराच्या हाताला बांधतो, कुणी उद्या वासराच्या पायाला बांधील! तसे करू नये. खोटी नोंद दिली हे पुढे सापडले तर खऱ्या आजाराच्या वेळी भांडणात आपली बाजू पडते.

घड्याळ घ्यायचेच असेल तर घ्या, चाला, नाडी पाहा. ती नोंद आपल्याच मोबाईलवर ठेवता येते. कंपनीला जोडून देणे ही निराळी पायरी आहे. जोडले असेल आणि आता नको असेल, तर खालच्यासारखे पत्र लिहावे. पत्राची एक नकल आपल्याजवळ ठेवावी. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामक प्राधिकरणाकडे १५५२५५ या क्रमांकावर फोन करून तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

पत्राचा नमुना

मु. पो. नांदूरघाट,
ता. केज, जि. बीड.
दिनांक : ...........

मा. तक्रार निवारण अधिकारी,
(विमा कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : घड्याळाच्या नोंदीबाबत. पॉलिसी क्रमांक ...........

महोदय,

मी आपल्या कंपनीचा विमा घेतला आहे. आपल्या योजनेसाठी मी माझ्या घड्याळातील नोंदी कंपनीला मिळण्यास संमती दिली होती. ती संमती मी आजपासून मागे घेत आहे.

आजवर माझी कोणकोणती माहिती आपण घेतली आणि ती आणखी कोणाला दिली, हे मला मराठीत लेखी कळवावे. विम्याच्या कामाला जी माहिती लागत नाही, ती काढून टाकावी व तसे कळवावे.

माझी पॉलिसी पूर्वीप्रमाणे चालू ठेवावी. हप्ता मी वेळेवर भरत आहे.

आपला / आपली,
(सही)