डोंगर चढायचा, तर हळू चढा!

घुग्घुसच्या पोट्ट्याला डोंगर म्हणजे काय माहीत? कोळसा खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे, बस्स! आपला परिसर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच. तरीही थर्ड इयरची परीक्षा आटोपली आणि मी हिमाचलातल्या हामटा पासला (४२७० मीटर) निघालो. रोज पहाटे पाच किलोमीटर पळायचो, त्यामुळे "आपल्याला काय होते!" अशी गुर्मी होती.

सुमारे ३६०० मीटरवरच्या मुक्कामात डोके ठणकू लागले. जेवण जाईना, रात्री उलटी झाली. पण मी कोणालाच सांगितले नाही. बाबांनी ओव्हरटाइमच्या पैशातून फी भरली होती ना! सकाळी गाईडने मला बुटाची लेस बांधताना धडपडताना पाहिले आणि टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला लावले. मी झोकांड्या खाल्ल्या. त्याने एक शब्द न ऐकता सोबत माणूस देऊन मला खाली पाठवले. मनालीत पोचेपर्यंत डोके बरेच हलके झाले होते, मन मात्र जड!

घरी आल्यावर लायब्ररीत बसून अभ्यास केला. उंचावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब घटतो. ५३०० मीटरवर तो जवळपास निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक श्वासाचे रेशन अर्धे! शरीर याला सरावते, पण त्याला दिवस लागतात. पळण्याच्या तयारीने दम टिकतो, हा सराव मिळत नाही. त्रास लपवून वर गेलो असतो, तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतले असते.

आता जगातले प्रसिद्ध ट्रेक या नजरेने बघा. यांना दोर-कुऱ्हाडीचे गिर्यारोहण लागत नाही, सामान्य माणूस ते करू शकतो.

एव्हरेस्ट बेस कॅम्प, नेपाळ (५३६४ मीटर) : लुकलाहून चालत सुरुवात. नामचे बाजारला (३४४० मीटर) एक दिवस जास्त थांबतात, तो वाया गेलेला दिवस नव्हे!

अन्नपूर्णा बेस कॅम्प, नेपाळ (४१३० मीटर) : वाटेत राहण्या-जेवण्याची सोय. पहिल्या परदेशी ट्रेकला चांगला.

किलिमांजारो, टांझानिया (५८९५ मीटर) : आफ्रिकेचे सर्वोच्च शिखर. पाच दिवसांचा स्वस्त कार्यक्रम घेण्यापेक्षा सात-आठ दिवसांचा घ्या.

इंका ट्रेल, पेरू : चार दिवसांत माचू पिच्चू. वाटेत ४२१५ मीटरची खिंड. परवाने मर्यादित, फेब्रुवारीत वाट बंद. आधी कुस्को शहरात दोन-तीन दिवस राहावे.

नियम तीनच. ३००० मीटरनंतर झोपण्याची जागा दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोके दुखत असेल तर वर जाऊ नका, लगेच सांगा. त्रास वाढला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरा. गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्या.

आपल्याकडून हे होणार नाही असे वाटते? मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' उपक्रमात आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले! पण त्याआधी कित्येक महिने त्यांचे प्रशिक्षण चालले होते. आपण मात्र चार दिवसांत सगळे उरकायला बघतो.

पैसे वाया गेले, हे बाबांना सांगायला मला आठवडा लागला. ऐकून ते म्हणाले, "पास काय कुठं पळून जाते काय, बाबू? तू वापस आला ना!"

या हिवाळ्यात आधी कळसूबाई (१६४६ मीटर). मग पुन्हा हामटा, पण दोन दिवस जास्तीचे घेऊन. कोण कोण येता?