रबरी विमान आणि घर्षण

इ. स. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो यांनी पॅरिस येथे पिळलेल्या रबराच्या जोरावर लहानसे विमान उडविले. असे विमान दालनात उडविले असता पंखा थांबतो, तरी रबरात थोडा पीळ उरतोच. तेवढी शक्ती घर्षणापुढे निरुपाय ठरते.

ताणलेले रबर पंख्याला मागे खेचून आधारावर दाबते. म्हणून दोहोंमध्ये काचेचा गुळगुळीत मणी घालावा. तो नांदेड-लातूरच्या बाजारातही मिळेल. पंख्याची तार सरळ व बारीक असावी. जाड तारेवर घर्षणाची भुजा लांबते. एरंडेलाचा एक थेंब पुरे. खनिज तेल रबर नासविते.

दर वेळी सारखाच पीळ देऊन, उड्डाणानंतर उरलेला मोजावा. तो घटला, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनी असलेलेच बळ वाचविले, असे आम्ही समजू.