आइमात्ते : दोन कारणांची एक गाठ



आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला कोणीतरी नवीन माहिती देते. या वेळी मी एका जपानी शब्दाचा धडा देणार आहे. जपानी शब्द मी आपल्याच लिपीत लिहिले आहेत, म्हणजे सर्वांना वाचता येतील.

माझी ताई पुण्याला नोकरी करते आणि जपानी शिकते. जपानी भाषेच्या परीक्षेला पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. एन-१ ला १८० पैकी १०० गुण लागतात. शिवाय तीन भागांपैकी प्रत्येकात ६० पैकी निदान १९ तरी पडावे लागतात. ताई गेल्या डिसेंबरात बसली होती. तिला ९३ पडले. सात गुणांनी गेली.

होळीला ताई घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत पत्त्यांएवढे कापलेले पुठ्ठे होते. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. पुठ्ठा धरून अर्थ विचारायचे काम माझ्याकडे आले. विचारता विचारता एक शब्द माझ्याही डोक्यात बसला. तो शब्द म्हणजे आइमात्ते.

शब्दाची फोड

'आइ' म्हणजे परस्पर, एकमेकांना. 'मात्सु' म्हणजे वाट पाहणे, अवलंबून असणे. वाक्यात जोडताना 'मात्सु'चे 'मात्ते' होते. दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने मिळून काम करतात, तेव्हा 'आइमात्ते' म्हणायचे. यातल्या 'आइ'चे जे चित्राक्षर आहे, त्यात डावीकडे झाड आणि उजवीकडे डोळा असतो. जपानात ते तिसरीच्या मुलांना शिकवतात. पण हा वाक्प्रयोग मात्र एन-१ चा, म्हणजे शेवटच्या पायरीचा.

वाक्य कसे करावे

पहिली गोष्ट + गा, दुसरी गोष्ट + तो आइमात्ते, मग परिणाम.

'तो' म्हणजे आपला 'शी'. आपण 'वाऱ्याशी' म्हणतो, तेही 'काझे तो' असेच म्हणतात. प्रत्यय नामाच्या मागून येतो आणि क्रियापद शेवटी येते, अगदी आपल्यासारखे. म्हणून वाक्य उलटेसुलटे करावे लागत नाही. उदाहरणे पाहा :

१) ओओआमे गा त्सुयोइ काझे तो आइमात्ते, इने गा सुक्कारी ताओरेते शिमात्ता.
मोठ्या पावसाला जोराच्या वाऱ्याची जोड मिळाली आणि भात पार आडवे झाले.

२) योइ तेन्की गा निचियोउबी तो आइमात्ते, कोओएन वा हितो दे इप्पाइ दा.
हवा चांगली, त्यात रविवार, म्हणून बाग माणसांनी भरून गेली आहे.

माझ्या चुका

पहिले वाक्य मी केले ते असे : 'आमे तो आइमात्ते, नुरेता.' म्हणजे पावसाशी मिळून भिजले. ताई हसली. म्हणाली, "अगं, नुसत्या पावसानंच भिजलीस ना? मग दुसरं कारण कुठाय? एकच कारण असलं की 'दे' लावायचं. आमे दे नुरेता. पावसानं भिजले, झालं."

दुसऱ्यांदा मी म्हटले, "पाऊस नि वारा मिळून, छत्री घेऊन जा!" तेही चूक. 'आइमात्ते'च्या पुढे आज्ञा किंवा इच्छा येत नाही. जे घडले किंवा जसे आहे, तेच सांगायचे.

म्हणून मी वहीत चार नियम लिहून ठेवले :

१) कारणे निदान दोन हवीत.
२) एकट्याने झाला असता त्याहून परिणाम मोठा हवा.
३) पुढे हुकूम नको.
४) हा लेखी शब्द आहे. वर्तमानपत्रात, निबंधात शोभतो. घरात जेवताना कोणी असे बोलत नाही.

आपल्या भाषेत काय म्हणतात?

आपल्याकडे चांगल्यात चांगले मिळाले तर 'दुधात साखर'. वाईटात वाईट मिळाले तर 'दुष्काळात तेरावा महिना'. नुसते 'भरीस भर' म्हटले तरी बहुधा वाईटच ऐकू येते. जपानी 'आइमात्ते' मात्र दोन्हीकडे चालतो. तो चांगले-वाईट ठरवत नाही, फक्त दोन कारणांची गाठ बांधून दाखवतो. मला हे फार आवडले.

जपानातील एक मोठे उदाहरण

१ सप्टेंबर १९२३ रोजी सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी तोक्यो आणि योकोहामा भागात भयंकर भूकंप झाला. वेळ जेवणाची. घरोघर चुली पेटलेल्या होत्या. घरे बहुतेक लाकडाची आणि दाटीवाटीची. त्या दिवशी वाराही जोराचा होता. जागोजाग आगी लागल्या आणि पसरत गेल्या. सुमारे १ लाख ५ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, त्यांतली बहुतेक आगीमुळे. हीच गोष्ट ताईने एका वाक्यात सांगितली :

त्सुयोइ काझे गा मोकुझोओ नो इए नो ओओसा तो आइमात्ते, काजी वा हायाकु हिरोगात्ता.
जोराचा वारा आणि लाकडी घरांची गर्दी मिळून आग झपाट्याने पसरली.

आता सांगा, एवढी माणसे कशाने गेली? नुसते 'भूकंपाने' म्हटले तर उत्तर अर्धेच राहते. सगळी कारणे मोजली, तरच पुढच्या वेळी काय सांभाळायचे ते कळते. जपानात १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्तीपासून बचावाचा दिवस म्हणून पाळतात.

आमच्या घरचे वाक्य

ताई नापास झाली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "अभ्यास कमी पडला, दुसरं काय! आता हा नाद पुरे." ताई काही बोलली नाही. मलाही तेव्हा अण्णांचे खरे वाटले.

पण हा धडा शिकल्यावर मी कारणे मोजली. ताई सकाळी सातला घर सोडते आणि रात्री आठला परत येते. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होती. त्याआधी आई आजारी पडली, तेव्हा ताई बारा दिवस दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होती. मग मी एका कोऱ्या पुठ्ठ्यावर वाक्य लिहिले, ताईने एक चूक दुरुस्त केली :

शिगोतो नो त्सुकारे गा हाहा नो ब्योओकी तो आइमात्ते, आने नो बेन्क्योओ नो जिकान वा हेत्ते शिमात्ता.
कामाच्या थकव्यात आईच्या आजारपणाची भर पडली आणि ताईचा अभ्यासाचा वेळ कमी झाला.

अण्णांनी विचारले, "काय गं वाचतेस?" मी आधी जपानी वाचले, मग मराठी सांगितले. अण्णा म्हणाले, "म्हणजे अभ्यास कमी पडला हे खोटं का?"

मी म्हटले, "खोटं नाही अण्णा. पण तो परिणाम आहे. कारणं दुसरी आहेत, आणि ती दोन आहेत."

अण्णा उठून गोठ्याकडे गेले. मला वाटले, रागावले. रात्री जेवताना त्यांनी ताईला विचारले, "जुलैच्या परीक्षेचे पैसे कधी भरायचे?" आईने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

ताई परत पुण्याला गेली आहे. जुलैत पुन्हा बसणार आहे. तिचा निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. लागला की याच भिंतीवर लिहीन, कसाही लागो.

स्वाध्याय

मित्रांनो, खालील परिणामांची प्रत्येकी दोन कारणे शोधा आणि 'मिळून' किंवा 'जोड मिळाल्याने' वापरून वाक्ये करा. गुरुजींना दाखवा.

१) यंदा आमच्या विहिरीचे पाणी लवकर आटले.
२) आपला संघ कबड्डीत जिंकला.
३) माझ्या मित्राला गणितात कमी गुण पडले.

तिसरे वाक्य करण्याआधी त्या मित्राला मात्र नीट विचारा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी