एका फोनमागे किती माणसं?

प्रश्न : माझे बाबा मॉईल कंपनीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला आहेत. त्यांच्यासाठी मी एकदा फोनवर गमबूट शोधले. तेव्हापासून आजीला भजन लावून दिलं तरी मध्येच गमबुटाची जाहिरात येते, आणि मी अभ्यासाचं काही पाहायला बसले की गुडघेदुखीचं तेल. घरात हा एकच चांगला फोन आहे. आमच्याबद्दल हे सगळं लिहून कसं ठेवतात? दुसरं असं, की बी.एस्सी.ला आम्हाला ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस’ हा भाग आहे. सर म्हणाले, परीक्षेपुरता वाचा, आता तो कुणी वापरत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

— एक विद्यार्थिनी, चिखला (ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. तुमच्या गावातच तो समजून घेता येईल.

जमिनीखाली मँगनीज किती खोल आहे आणि कोणत्या प्रतीचं आहे, हे ड्रिलिंग करून पाहतात. बोअरहोलमधून दगडाचा लांब दांडा निघतो, त्याला कोअर म्हणतात. तो तुकड्या-तुकड्याने खोक्यात ओळीने मांडतात, खोली लिहितात, काही तुकड्यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. प्रत्येक नमुन्यात मँगनीज किती टक्के, लोह किती, सिलिका किती, फॉस्फरस किती, हे आकडे येतात. म्हणजे एका बोअरहोलच्या पोटात अनेक तुकडे, तुकड्याच्या पोटात नमुने आणि नमुन्याच्या पोटात आकडे.

आता ही माहिती संगणकात ठेवायची आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीने जायचं तर चार वेगळे तक्ते करावे लागतात : बोअरहोलचा, तुकड्यांचा, नमुन्यांचा आणि आकड्यांचा. त्यांना क्रमांकांनी एकमेकांशी जोडायचं, आणि एक बोअरहोल पुरता पाहायचा असेल तेव्हा दरवेळी ती जोडणी नव्याने करायची. ऑब्जेक्ट पद्धत म्हणते, बोअरहोल ही एक अख्खी वस्तू आहे, तिच्या आतल्या सगळ्या गोष्टींसकट ती तशीच साठवा.

१९८० च्या दशकात या दुसऱ्या विचारावर जगभर काम झालं. त्यात एक नाव आपल्याकडचं आहे. आयआयटी खरगपूरहून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेलेले आनंद देशपांडे आणि त्यांचे मार्गदर्शक डर्क व्हॅन गुख्त यांनी १९८८ च्या व्हीएलडीबी या डेटाबेसवरच्या परिषदेत एक निबंध मांडला. विषय होता नेस्टेड रिलेशनल डेटाबेस प्रत्यक्षात कसा बांधायचा. नेस्टेड म्हणजे तक्त्याच्या एका घरात दुसरा अख्खा तक्ता, थेट तुमच्या कोअरच्या खोक्यासारखा. याच देशपांड्यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. त्याच सुमारास, डिसेंबर १९८९ मध्ये, क्योतोच्या परिषदेत सहा संशोधकांनी ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेसचा जाहीरनामाच वाचला. पुढची दहा वर्षं आपलीच, असं त्या काळी पुष्कळांना वाटत होतं.

तसं झालं नाही. बोअरहोलपासून नमुन्यापर्यंत पोचायला ऑब्जेक्ट डेटाबेस फार वेगवान होता, कारण रस्ता आधीच आखलेला असे. पण कुणी आडवा प्रश्न विचारला, जसं की ‘सगळ्या बोअरहोलमधले पन्नास मीटरखालचे, फॉस्फरस जास्त असलेले नमुने दाखवा’, तर त्याची दमछाक होई. एसक्यूएलला, म्हणजे तक्त्यांना प्रश्न विचारायच्या भाषेला, असे प्रश्न रोजचे. शिवाय ऑब्जेक्ट डेटाबेस बहुधा एखाद्या प्रोग्रामिंग भाषेशी बांधलेला असे. भाषा बदलली की अडचण. कंपन्यांनी तक्तेच ठेवले, आणि तक्त्यांनी हळूहळू ऑब्जेक्टचे काही गुण उचलले. तुमच्या सरांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. मी मात्र तिथे थांबणार नाही, कारण कल्पना दुसऱ्या दाराने परत आली, आणि ते दार तुमच्या गमबुटाचं आहे.

संकेतस्थळाला तुम्ही दिसत नाही. त्याच्या सर्व्हरवर लॉग नावाच्या फाइलमध्ये फक्त एकेक ओळ पडत जाते : कोणत्या इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून मागणी आली, तारीख आणि वेळ, कोणतं पान मागितलं, मिळालं का (मिळालं तर २००, नसेलच तर ४०४), किती बाइट पाठवले. साध्या लॉगमध्ये बस, इतकंच. तो पत्ताही भरवशाचा नसतो. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात, त्यामुळे चिखल्याचा माणूस नागपूरचा किंवा मुंबईचा दिसू शकतो. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी आणली : ब्राउझरकडे ठेवायला दिलेली एक लहानशी खूण, पुढच्या वेळी तीच दाखवली की ‘हा मघाचाच’ हे कळतं. अँड्रॉइड फोनवर अॅपसाठी हेच काम जाहिरात आयडी करतो, आणि त्यावर तुमचं लॉग-इन असतंच. गमबूट आजीच्या भजनापर्यंत पोचले ते या खुणेवरून.

आता खुणेखाली जमलेल्या हजारो सुट्या ओळींतून ‘वागणं’ कसं काढायचं? पहिली पायरी म्हणजे त्या ओळींचे सेशन पाडणं, म्हणजे एका बैठकीत केलेल्या गोष्टी एकत्र करणं. समजा, तुम्ही रात्री ८ वाजून १० मिनिटांनी गमबूट शोधले, ८.१४ ला किंमत पाहिली. मग रेंज गेली. ८.५२ ला तुम्ही त्याच पानावर परत आलात. ही एक बैठक की दोन? गुगल अॅनालिटिक्ससारख्या साधनांत ठरीव उत्तर आहे : तीस मिनिटांपेक्षा जास्त शांतता असेल तर दुसरी. मधली शांतता अडतीस मिनिटांची होती, म्हणून हिशेबात तुम्ही गेलात आणि नव्याने आलात.

हा तीसचा आकडा आला कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये लारा कॅटलेज आणि जेम्स पिटकाउ यांनी तिथल्याच संगणक विभागातल्या लोकांचं ब्राउझिंग तीन आठवडे नोंदवलं आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडला. दोन कृतींमधलं सरासरी अंतर ९.३ मिनिटं निघालं. त्यात दीड प्रमाण विचलन मिळवून त्यांनी सीमा काढली २५.५ मिनिटांची. पुढे सोयीसाठी लोक तीस धरू लागले. एका विद्यापीठातले, स्वतःच्या टेबलावर स्वतःच्या यंत्रासमोर बसणारे लोक, आणि त्यांच्या सवयींच्या जवळपासची फूटपट्टी आज रेंज येत-जात असलेल्या गावालाही लावली जाते. मला हे खटकतं, आणि तुमच्यासारख्या मुलींनी या विषयात उतरावं असं वाटतं ते यासाठीच.

सेशन पडले की ते साठवायचे कसे? सेशनच्या पोटात क्लिक, क्लिकच्या पोटात पान, वस्तू, किंमत. पुन्हा तोच कोअरचा खोका! गुगलच्या संशोधकांनी २०१० मध्ये ड्रेमेल ही यंत्रणा जाहीर केली, ती नेमकी अशा पोटात-पोट असलेल्या माहितीवर झपाट्याने आडवे प्रश्न विचारण्यासाठी. गुगल अॅनालिटिक्सची माहिती बिगक्वेरी या गुगलच्याच यंत्रणेत घेतली की आजही ती नेस्टेड रूपातच येते. मोंगोडीबीसारखे डॉक्युमेंट डेटाबेसही त्याच घरातले. तेव्हा तो धडा परीक्षेनंतर विसरू नका.

आणखी एक दुवा सांगतो. राकेश अग्रवाल हे भारतीय संशोधक १९८९ मध्ये बेल लॅब्समध्ये नारायण गेहानी यांच्याबरोबर ‘ओड’ नावाचा ऑब्जेक्ट डेटाबेस बांधत होते. १९९३ मध्ये आयबीएममध्ये असताना त्यांनी दोन सहकाऱ्यांसह असोसिएशन रूल्सवरचा निबंध लिहिला : अमुक घेणारा तमुकही घेतो, हे प्रचंड विक्री-नोंदींतून कसं शोधायचं. गमबुटाबरोबर हेल्मेट सुचवण्याची पद्धत या कामापासून वाढली. वस्तू कशी साठवावी यावर विचार करणाराच माणूस पुढे माणसं काय उचलतात याकडे वळला.

पण या सगळ्या गणिताने एक गोष्ट गृहीत धरली आहे : एक खूण म्हणजे एक माणूस. तुमच्या घरात ते खोटं ठरतं. आजी, बाबा, तुम्ही आणि असलं तर धाकटं भावंड, या सगळ्यांचं मिळून संगणकाने एकच माणूस घडवला आहे. त्याचे गुडघे दुखतात, तो भजनं ऐकतो, खाणीत उतरतो आणि डेटाबेसच्या परीक्षेला बसतो. तुम्हाला आलेली तेलाची जाहिरात या चुकीची पावती आहे. जाहिरातीपुरतं हे चालून जातं. कर्ज द्यायचं की नाही हे अशाच नोंदींवरून ठरू लागलं, तर एकाच्या वागण्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडेल.

कायद्यालाही ही अडचण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती करणं मना आहे. सरकार काही अपवाद करू शकतं. तरतूद चांगली आहे. पण फोन बाबांच्या नावावर आणि हातात नववीतल्या मुलाच्या असेल, तर तो मूल आहे हे कंपनीच्या नोंदीत उमटणार कसं? या प्रश्नाचं उत्तर निघेपर्यंत एवढं करा : बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरात आयडी हटवता येतो, तो हटवा, आणि फोनमध्ये सोय असेल तर घरातल्यांसाठी वेगवेगळी युजर प्रोफाइल करा.

तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सुचवतो. घरच्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, गुगल टेकआउटमधून फोनची ‘माय अॅक्टिव्हिटी’ जेसन (JSON) नावाच्या नेस्टेड रूपात उतरवून घ्या. आधी तिचे तक्ते करून पाहा, मग ती आहे तशी नेस्टेड ठेवून पाहा, आणि दोन्हींना तेच प्रश्न विचारा. नंतर दहा, तीस आणि साठ मिनिटांची सीमा लावून सेशन पाडा. संख्या किती बदलते ते दिसेल. शेवटी त्या सेशनचे गट पाडून किती माणसं निघतात ते पाहा. आठवडाभर कोण कधी फोन घेतं याची वही ठेवलीत, तर गणिताने किती वेळा आजीला तुम्ही समजलं आणि तुम्हाला बाबा, हे तुम्हाला मोजता येईल. मोठ्या कंपन्यांकडे सगळं असतं, पण ही वही नसते.